सेवाकार्यातून व्यक्तिमत्त्व घडतं का, आणि घडायचं असेल तर काम कसं निवडावं

प्रश्न असा आहे: "मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कागलहून कोल्हापूरला रोज एसटीनं ये-जा करते. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) गेलं की व्यक्तिमत्त्व विकास होतो असं कॉलेजात सगळे सांगतात. माझ्या भावानं दोन वर्षं पूर्ण केली, प्रमाणपत्रही मिळालं, पण तो आजही चार माणसांत तोंड उघडत नाही. मीही बुजरी आहे. मग यात खरंच काही आहे का? असेल तर कोणतं काम करावं आणि किती वेळ द्यावा?"

तुमची शंका रास्त आहे. एकाच युनिटमधली दोन मुलं, एकाच गावातल्या शिबिरात सात दिवस राहिलेली; त्यातलं एक वर्षभरात ओळखू येणार नाही इतकं बदलतं आणि दुसरं होतं तिथंच राहतं, हे एनएसएस सांभाळणाऱ्या कुणाही प्राध्यापकाला, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्याला, ठाऊक असतं. म्हणून 'सेवेनं विकास होतो का' असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. सेवेतल्या कोणत्या गोष्टीनं होतो, हे विचारायला हवं. विद्यार्थी स्वयंसेवकांच्या कामाचं नियोजन करताना मी तीन गोष्टी बघते. काम ठरावीक माणसांसाठी आणि एकाच विद्यार्थ्याच्या नावावर आहे का, ते निदान एक सत्र सलग चालणार आहे का, आणि प्रत्येक वेळी काम झाल्यावर त्याबद्दल विचार करायला जागा ठेवली आहे का. या तिन्हींतली एक जरी गळाली, तरी तास भरतात आणि बाकी फारसं काही होत नाही.

आधी भावाचं बघू. एनएसएस १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचा हिशेब सोपा आहे: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर. वर्षाच्या १२० तासांची मूळ विभागणी २० तास ओळख-प्रशिक्षण, ३० तास कॉलेजच्या आवारातलं काम आणि ७० तास प्रत्यक्ष समाजातलं काम अशी आहे. प्रत्यक्षात काय होतं? एका युनिटमध्ये १०० मुलं आणि एक प्राध्यापक, त्यांच्यावर तासिका आणि परीक्षांचं कामही असतं. मग ते ७० तास प्रभातफेरी, जयंती-पुण्यतिथी, पथनाट्याची गर्दी, वृक्षारोपण आणि शपथ यांत जातात. हे उपक्रम वाईट नाहीत, पण १०० जणांच्या फेरीत एक जण आला नाही तर कुणाचंच काही अडत नाही. जिथं आपल्यावाचून काही अडत नाही, तिथं वेळ पाळणं, शब्द पाळणं, समोरच्याला आधी कळवणं या सवयी लागायचं कारणच उरत नाही. भावाला एकदा विचारा, "दोन वर्षांत असं एखादं काम होतं का, की तू गेला नसतास तर कुणाची तरी गैरसोय झाली असती?" बहुतेक तो 'नाही' म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आता बुजरेपणा. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू मानतात: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक स्थैर्य. विशीच्या आसपास हे पैलू पुष्कळ हलते असतात, पण सगळे सारखे हलत नाहीत. जबाबदारीची भूमिका घेतल्यावर कर्तव्यदक्षतेत फरक पडायला चांगला वाव असतो. बहिर्मुखतेबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवा. गप्प स्वभावाची मुलगी सेवा करून गप्पिष्ट होत नाही, आणि तशी व्हायची गरजही नाही. जाते ती भीती. अनोळखी माणसाशी कामापुरतं नीट, न अडखळता बोलता येणं हे शिकता येतं, आणि तुम्हाला बहुधा तेच हवं आहे. आणखी एक लक्षात घ्या. कार्यक्रमात माइक हातात घेऊन उभी राहणारी पुष्कळ मुलं आधीपासूनच बोलकी असतात, म्हणून ती पुढं येतात. त्यांच्याकडं बघून 'सेवेनं माणूस बोलका होतो' असं ठरवलं तर कारण आणि परिणाम उलटे धरले जातात.

भीती जाते कशी? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली 'मला हे जमेल' या विश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं, दुसऱ्यानं धीर देणं, आणि त्या वेळची शरीराची अवस्था, म्हणजे धडधड, घाम, थरथर. यात पहिला सगळ्यांत बळकट. म्हणून बुजऱ्या मुलीला पहिल्याच महिन्यात "भाषण कर, भीती जाईल" म्हणून स्टेजवर ढकलणं ही सर्रास होणारी चूक आहे. ती अडखळली की 'मला जमत नाही' याचाच पुरावा तिच्या हाती पडतो, आणि तोही शंभर जणांसमोर.

त्याऐवजी जिथं बोलायचे शब्द आधीच ठरलेले असतात, तिथून सुरुवात करा. रक्तदान शिबिर यासाठी उत्तम. पहिल्या शिबिरात चहा-बिस्किटांचं टेबल घ्या. रक्त दिलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, पाणी किंवा सरबत द्यायचं, घेरी आल्यासारखं वाटतं का विचारायचं आणि चेहरा पांढरा पडला तर लगेच डॉक्टरांना हाक मारायची. पुढच्या शिबिरात नोंदणीचं टेबल घ्या. तिथले प्रश्न ठरलेले असतात: वय १८ ते ६५ मध्ये आहे का, वजन ४५ किलोच्या वर आहे का, सकाळी खाल्लंय का, रात्री झोप झाली का, कुठलं औषध चालू आहे का, मागचं रक्तदान कधी केलं. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रियांना १२० दिवस अंतर लागतं, हे त्या टेबलावरच पाठ होतं. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असलेल्या माणसाला परत पाठवताना त्याला अपमान वाटू नये अशा शब्दांत सांगणं ही तिसरी पायरी, आणि ती खरंच अवघड आहे. विशेषतः मुलींची संख्या इथं मोठी असते. "तुम्हाला रक्त देता येत नाही" आणि "आज तुमच्याच शरीराला रक्ताची गरज आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या" यांतला फरक ज्या मुलीला सापडला, ती संवाद शिकली. त्यासाठी व्यासपीठ लागलं नाही.

गणपती विसर्जनाच्या दिवशी पंचगंगा घाटावर किंवा रंकाळ्याजवळच्या इराणी खणीवर निर्माल्य गोळा करायचं काम असंच. "काका, निर्माल्य इकडं द्या" हे एकच वाक्य दिवसभरात शेकडो वेळा म्हणावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत आवाज मोकळा होतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत किंवा चैत्रात जोतिबाच्या यात्रेत भाविकांना वाट दाखवतानाही तेच. एक दिवसाचं, गटातलं, कुठं संपणार ते माहीत असलेलं काम धीर यायला चांगलं. पण ही झाली सुरुवात. यावरच थांबलात तर भावासारखंच होईल.

मुख्य काम निवडताना दर आठवड्याला त्याच माणसांकडं जावं लागेल असं निवडा. आपल्या जिल्ह्यात ऊस गळिताचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो. तोडणीच्या टोळ्या बीडसारख्या जिल्ह्यांतून येतात, सोबत मुलं असतात आणि त्यांची शाळा अर्ध्यावर तुटलेली असते. हंगामापुरती साखरशाळा चालवणाऱ्यांना किंवा अशा वस्त्यांजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला मदतनीस हवेच असतात. आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, एका विद्यार्थिनीकडं तीन-चार मुलं, यापेक्षा जास्त नकोत. पहिल्या दिवशी शिकवू नका. प्रत्येक मूल काय वाचतं ते तपासा: अक्षर, शब्द, वाक्य की गोष्ट. इयत्ता चौथीचं मूल शब्दांवर अडकलेलं आढळेल, त्याला तिथूनच सुरू करा. महिन्यानं पुन्हा तेच तपासा.

इथं काय बिघडतं तेही सांगते. कॉलेजची परीक्षा आली की मुली न सांगता येणं बंद करतात. त्या मुलांच्या आयुष्यात माणसं येणं-जाणं आधीच खूप असतं. तुम्हीही अशाच गेलात की पुढच्या मदतनिसावर ती विश्वास ठेवत नाहीत. म्हणून सुरू करतानाच तुमच्या परीक्षेच्या तारखा त्यांना आणि शिक्षकांना सांगून टाका, आणि काम दोघींनी जोडीनं घ्या. दोघींच्या परीक्षा वेगवेगळ्या शाखांच्या असतील तर आणखी बरं.

दुसरी खूप काही देणारी जागा म्हणजे शिबिरातलं श्रमदान, पण ते नीट आखलं तर. वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांनी ओढ्यात घातलेल्या तात्पुरत्या बांधाचं, उदाहरण घ्या. पावसाळा सरल्यावर ओढ्याला धार वाहती असतानाच तो घालावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत शिबिर घेतलं तर बऱ्याच ओढ्यांत अडवायला पाणीच राहिलेलं नसतं. जागा अरुंद आणि दोन्ही काठ टणक असलेली हवी. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती पाऊण भरायची. गच्च भरलं तर पोतं गोल होतं, बसत नाही आणि फटी राहतात. विटांच्या बांधकामात सांधे चुकवतात तशी पोती रचायची, मध्ये चिकण माती ठासायची, पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवायचा. हे सगळं गावातल्या शेतकऱ्याला तुमच्या प्राध्यापकांपेक्षा चांगलं कळतं, आणि या कामाचं मोल तिथंच आहे. तो सांगतो आणि विद्यार्थी ऐकतात.

हे महत्त्वाचं का? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती जवळ आल्यानं एकमेकांबद्दलचे पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा त्या प्रसंगी समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज हवी, आणि वरच्यांचा या सगळ्याला पाठिंबा हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र कष्ट करत, एका पंगतीत जेवत. या चारही अटी तिथं तीस वर्षं आधीच पाळल्या जात होत्या. आता थंडीत पुलाखाली ब्लँकेट वाटायला गेलेला गट आठवा. एक देणारा, एक हात पसरणारा, ओळख अर्ध्या मिनिटाची आणि मध्ये मोबाइलचा कॅमेरा. ब्लँकेटची ऊब खरी असते, पण देणाऱ्याच्या मनात 'बिचारे' हा एकच शब्द पक्का होतो. माणसांबद्दलची समज वाढायची असेल तर ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबरोबर काम करावं लागतं. या बाबतीत मी फार आग्रही आहे, कारण चुकीच्या पद्धतीनं केलेली सेवा तरुण माणसाला उद्दाम करू शकते.

पुराबद्दल वेगळं लिहावं लागेल, कारण आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये दर वर्षी हा विषय निघतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्यानंतर दोनच वर्षांत, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. अशा वेळी तरुणांना पाण्यात उतरावंसं वाटतं. प्रशिक्षण आणि लाइफ जॅकेट नसताना उतरू नका, बचावाचं काम आपत्ती दलाचं आहे. विद्यार्थ्यांचं काम निवारा केंद्रात असतं: कुटुंबवार नोंदवही ठेवणं, कुणाला रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी हवी याची यादी करणं, आलेल्या मदतीची वर्गवारी करणं. जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध कमी पडतं. ही यादी वेळेत बाहेर कळवणं हे एका मुलीनं फोनवरून करायचं मोठं काम आहे. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला जाताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच, पायाला जखम असेल तर जायचं नाही, आणि लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या आजाराच्या प्रतिबंधक गोळीबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं. आणखी एक. पुरातल्या कामात मन भारून जातं, 'आयुष्य बदललं' असं वाटतं, पण पाणी उतरलं की ते बहुधा ओसरतं. काहींना पाहिलेलं रात्री आठवत राहतं. म्हणून परतल्यावर गटानं तासभर एकत्र बसून बोलायलाच हवं.

आता तिसरी अट, म्हणजे काम झाल्यावर त्याबद्दल विचार करणं, जी सगळ्यात जास्त टाळली जाते. एनएसएसच्या कार्य-डायरीत तारीख, काम, तास आणि सही असे रकाने असतात. ती भरा, पण वेगळी एक साधी वही ठेवा. प्रत्येक वेळी परतीच्या एसटीत दहा मिनिटं काढून चार गोष्टी लिहा: आज काय घडलं, मी काय केलं आणि काय करायचं टाळलं, समोरच्याला काय वाटलं असेल आणि ते मला कशावरून वाटतं, पुढच्या वेळी करायचा एकच बदल. दुसऱ्या मुद्द्यातलं 'टाळलं' वगळू नका. बुजऱ्या माणसाचा सगळा नकाशा त्यात असतो. तिसराही जपून लिहा, नाहीतर 'ही माणसं अशीच असतात' असा निष्कर्ष अनुभवाच्या नावाखाली मनात घर करतो. महिन्यातून एकदा सहा-आठ जणींनी बसून वहीतलं एकेक पान वाचावं. सल्ले द्यायचे नाहीत, प्रश्न विचारायचे.

वेळ किती? कॉलेज चालू असतानाचे सुमारे तीस आठवडे धरले तर १२० तास म्हणजे आठवड्याला चार तास. तुमचा रोजचा प्रवास आणि प्रात्यक्षिकं बघता तीन ते चार तास पुरेत, सहाच्या वर जाऊ नका. कोल्हापुरातच काम घेतलं पाहिजे असं नाही. रविवारी कागलमध्येच एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात काम मिळालं तर एसटीचा प्रश्नच मिटतो. तासांना मान्यता मिळेल का, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारून लेखी घ्या. नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस आणि समाजसहभागाच्या कामाला श्रेयांकही (क्रेडिट) मिळतात. ते तुमच्या विषय-निवडीत कसे बसतात, हे मात्र कॉलेजवर अवलंबून आहे.

श्रेयांकासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी काम केलं तर ते खोटं ठरतं का, असं पुष्कळ मुलं विचारतात. नाही. माणसं सेवेत का येतात याचे सहा हेतू संशोधकांनी १९९८ मध्ये मांडले: मूल्यं, समजून घेण्याची इच्छा, मित्रमंडळी, करिअर, मनावरचं ओझं हलकं करणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. बहुतेकांत दोन-तीन एकत्र असतात. फक्त आपला हेतू स्वतःला माहीत असावा आणि काम त्याला धरून असावं. मैत्रिणी हव्यात आणि काम मात्र एकटीनं माहिती भरायचं मिळालं, तर दोन महिन्यांत पाय मागं येतो.

घरची परवानगी हा तुमच्यासाठी खरा मुद्दा असू शकतो. आई-वडिलांना 'समाजसेवा करते' असं मोघम सांगू नका. जागा, वार, वेळ, जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन, सोबतच्या मैत्रिणीचा फोन, परतीची एसटी, एवढं कागदावर लिहून द्या. संस्थेलाही आधी विचारा: मला शिकवणार कोण, तक्रार कुणाकडं करायची, प्रवासखर्च कुणाचा, माझ्यानंतर हे काम कोण बघणार. नाव नोंदवायला पैसे मागणारी, मूळ ओळखपत्र ठेवून घेणारी किंवा कामाआधी फोटोची घाई करणारी जागा सोडून द्या.

फरक पडतोय का, हे कळण्यासाठी काम सुरू करण्याआधीच तीन गोष्टी लिहून ठेवा: गेल्या आठवड्यात किती अनोळखी माणसांशी तुम्ही स्वतःहून बोललात, दिलेली वेळ किती वेळा चुकली आणि त्यातल्या किती वेळा आधी कळवलं, आणि कुणी चूक दाखवल्यावर तुम्ही काय केलंत. तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. आधीचं कागदावर नसेल तर आठवण सोयीप्रमाणं बदलते. सोबतच्या जोडीदारणीलाही तुमच्याबद्दल हेच विचारा. तिचं उत्तर बहुधा जास्त अचूक निघेल. सहा महिन्यांत काहीच हललं नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी कामाची जागा बदलून बघा.

आणि काम सोडायची वेळ आली, तिसरं वर्ष संपलं किंवा दुसरीकडं प्रवेश मिळाला, तर किमान महिनाभर आधी सांगा. नवी मुलगी शोधा, तिला तीन वेळा सोबत घेऊन जा: पहिल्यांदा तिनं बघायचं, दुसऱ्यांदा दोघींनी करायचं, तिसऱ्यांदा तिनं करायचं आणि तुम्ही मागं बसायचं. मुलांची वाचनाची नोंद, शिक्षकांचे फोन आणि कोणतं मूल कशानं रुसतं हे तिच्या वहीत उतरवून द्या, आणि शेवटच्या दिवशी मुलांना तुम्हीच सांगा की पुढच्या आठवड्यापासून ही ताई येणार आहे.